उबवणी यंत्र, एका अंशाची खोट आणि मालब्रांश

किती वॅट, किती अंडी, ट्रे कसा फिरतो हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते परत सांगत बसत नाही. पिल्लं विकण्यासाठी मी हे उबवणी यंत्र घेतलेलं नाही. इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने कोंबडीची अंडी फोडून दिवसागणिक जे पाहिलं आणि १६५१ साली छापलं, ते न फोडता, टॉर्च लावून बघायचं होतं. त्याला चौथ्या दिवशी उसळणारा लाल ठिपका, म्हणजे घडू लागलेलं हृदय, दिसला. आकुंचन पावला की गायब, फुगला की पुन्हा हजर. पिल्लू आधीपासून तयार नसतं, एकेक अवयव क्रमाने घडतो, असं त्याचं मत.

माझ्याकडे चौथ्या दिवशी शुकशुकाट. शिरांचं जाळं पाचव्याला, तेही पुसट. पिल्लंसुद्धा एकविसावा दिवस उलटून गेल्यावर रखडत बाहेर आली. शेवटी अंड्यांशेजारी वेगळा थर्मामीटर ठेवला. डिस्प्लेवर ३७.५, अंड्यांपाशी ३६.४! सर्व्हिस सेंटरचं उत्तर: "डिस्प्लेवर बरोबर दिसतंय ना, मग बरोबरच आहे." वर यंत्र पाठवायचा कुरिअर खर्च माझ्या माथी.

एवढ्याशा फरकासाठी कसली कटकट, असं घरचे म्हणतात. पण उष्णतेच्या हिशेबावर तत्त्वज्ञान हललेलं आहे. शरीररचनेचा अभ्यासक मार्चेलो माल्पिगीने १६७२ मध्ये इटलीतल्या बोलोन्याहून लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला कळवलं की न उबवलेल्या अंड्यातही पिल्लाची रूपरेषा दिसते. अंडं ऑगस्टच्या उकाड्यातलं होतं, हे त्यानेच नोंदवलंय. तिकडे फ्रान्समध्ये तत्त्वज्ञ निकोला मालब्रांशने १६७४ साली ताज्या, न उबवलेल्या अंड्यातल्या पिल्लाचा दाखला देत लिहिलं की देवाने पुढच्या सगळ्या पिढ्या एकीत एक अशा सृष्टीच्या आरंभीच घालून ठेवल्या असाव्यात. गंमत म्हणजे हे त्याने लिहिलं ते डोळे कसे फसवतात हे सांगणाऱ्या पुस्तकाच्या भागात. उकाड्याकडे कुणी बघायचं?

मे महिन्यात यंत्राबाहेर, ओट्यावर राहिलेलं एक फलित अंडं मी फोडलं. बलकावरची पांढरी चकती चांगलीच पसरलेली. वीस अंशांच्या थोडं वर तापमान गेलं की वाढ हळूहळू सुरू होते, उबवायलाच हवं असं नाही. अर्थात माल्पिगी अगदीच चुकला असंही नाही. कोंबडीच्या पोटात असतानाच पेशींची विभागणी सुरू झालेली असते. पण म्हणून आत आख्खं पिल्लू दुमडून ठेवलेलं नसतं.

यंत्राबद्दल मत थोडं बदललंय. एक तारा देणार होतो. पण ट्रे एकदाही अडकला नाही, वीज फारशी खात नाही, आणि डिस्प्लेवर मुद्दाम ३८.६ लावलं की चौथ्या दिवशी शिरा दिसतात. पांढऱ्या कवचाचं अंडं घ्या, तपकिरीत टॉर्चचा उजेड नीट शिरत नाही. बाजारातली अंडी फलित नसतात, गावठीच शोधा. थर्मामीटरचे पैसे धरूनच किंमत ठरवा.

तीन तारे. वॉरंटीत सेन्सर बदलून मागितलाय, कुरिअरचे पैसे मात्र देणार नाही.