हर्मिटाजचं सुवर्णदालन : एका सोनाराचा अभिप्राय

सेंट पीटर्सबर्गला नेणाऱ्या आपल्याकडच्या सहल कंपन्या हर्मिटाज संग्रहालय कसं उरकतात ते सांगतो. लिओनार्दो, मोराचं घड्याळ, जिन्यावर ग्रुप फोटो, चला बसमध्ये. आमच्या कंपनीनं (नाव घेत नाही) माहितीपत्रकात 'सुवर्णदालनासह' असं छापलं होतं. तिथं गेल्यावर कळलं की त्या दालनाचं तिकीट वेगळं असतं, वेळ ठरलेली असते आणि मार्गदर्शकाशिवाय आत सोडत नाहीत. टूर मॅनेजर म्हणतो, "काका, सोनं काय, सगळीकडेच असतं." पिढीजात सोनाराला हे ऐकवायचं! खरेदीचा दिवस सोडला आणि पदरचे पैसे घालून आम्ही दोघं गेलो.

आत सिथियन लोकांचं सोनं आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ मुलखात, इसवी सनापूर्वी सातव्या ते तिसऱ्या शतकात यांचा दरारा होता. बहुतेकांचं आयुष्य घोड्यावर, त्यामुळे श्रीमंती मिरवायची ती अंगावर, शस्त्रावर आणि घोड्याच्या साजावर. राजा मेला की त्याच्याबरोबर हे सगळं, घोड्यांसकट, मातीच्या टेकाडाखाली. त्या टेकाडांना कुर्गान म्हणतात.

गर्दी जमते ती सोलोखा कुर्गानच्या फणीपाशी. 1913 साली वेसेलोव्स्की यांच्या उत्खननात नीपर नदीकडच्या या टेकाडात ती निघाली. वजन 294 ग्रॅम, आमच्या जुन्या हिशेबानं पंचवीस तोळे. खाली 19 दात, त्यावर ओळीनं बसलेले पाच सिंह आणि वर तीन योद्ध्यांची झुंज. एकाचा घोडा उताणा पडलाय. भाग सुटे घडवून झाळलेत, पण जोड कुठे म्हणून दाखवता यायचा नाही. हात ग्रीक कारागिराचा, गिऱ्हाईक सिथियन. क्रिमियातल्या केर्चजवळ 1830 साली मिळालेलं कुल-ओबा कुर्गानचं भांडंही तसंच. सोन्या-चांदीच्या मिश्रधातूचं, वीतभरही नाही, पण त्यावर एकजण दुसऱ्याच्या तोंडात हात घालून दात बघतोय आणि त्या बिचाऱ्यानं त्याचं मनगट गच्च धरलंय. हिला हसू आवरेना.

तरी माझं मत विचाराल तर फणीपुढे कमी थांबा आणि कोस्त्रोम्स्कायाच्या हरणापुढे जास्त. कुबान भागात 1897 मध्ये सापडलेलं हे हरीण फणीपेक्षा दोनेक शतकं तरी जुनं. पाय पोटाशी दुमडलेले, मान ताठ, शिंगं वेटोळी घेत पार शेपटीपर्यंत. अंगाला गोलाई नाही. लाकूड तासल्यासारखे सरळ उतार आणि ते मिळतात तिथे धारदार कड. सोन्याचं काम म्हणजे बारीक नक्षी, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही कड बघावी. शेजाऱ्यांची नक्कल करून असलं जनावर घडत नाही. केलेर्मेस कुर्गानचा बिबट्याही याच जातकुळीतला, त्याच्या पंजांवर आणि शेपटीवर वेटोळं करून बसलेले छोटे बिबटे आहेत.

आता फुकटचा सल्ला. तळमजल्यावर, साध्या तिकिटात, अल्ताई डोंगरातल्या पाझिरिकच्या वस्तू आहेत. सिथियनांचे हे पूर्वेकडचे भाऊबंद. चोरांनी टेकाडं फोडली, भोकातून पाणी शिरलं, गोठलं आणि मग वितळलंच नाही. म्हणून लाकूड, कातडं, लोकर सगळं टिकलं, गोंदलेली माणसाची कातडीसुद्धा. पुरातत्त्वज्ञ रुदेन्को यांना 1949 मध्ये इथे मिळालेला गालिचा 183 बाय 200 सेंटिमीटरचा आहे, चौरस सेंटिमीटरला सुमारे 36 गाठी, कडेनं घोडेस्वारांची रांग. ही मात्र बुरणुसाच्या हंसांपुढून हलेना. सोनं चोरांनी नेलं आणि हे ठेवलं, याचं तिला फार बरं वाटलं. तंबूत तापल्या दगडांवर गांजाचं बी टाकून हे लोक धूर घेतात असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं लिहून ठेवलंय. पाझिरिकच्या दुसऱ्या कुर्गानमध्ये दगड आणि जळकं बी असलेलं भांडं खरंच निघालं.

आपल्याकडे राज्य केलेले शक याच मोठ्या गोतावळ्यातले. नाशिकच्या पांडवलेण्यांत शक राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906 मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली, त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. आमच्या ग्रुपमध्ये मी हे सांगायला लागलो तर लोक बसकडे निघाले.

जाणार असाल तर सुवर्णदालनाची वेळ आणि मार्गदर्शक कोणत्या भाषेत बोलणार हे आधी बघून घ्या. आत फोटो काढू देत नाहीत. चष्मा जवळचा न्या. दालनाला पाचपैकी पाच, तळमजल्याला पाच, सहल कंपनीला एक, तोही नाश्त्याच्या उपम्यासाठी.