परदेशातलं फुकट वायफाय, विकतचं व्हीपीएन आणि आमच्या घरचं बटण: आठ महिने वापरून

फेब्रुवारीत कंपनीने पहिल्यांदा श्टुटगार्टला पाठवलं तेव्हा ऑफिसातल्या एकाने इतकं घाबरवलं होतं, की तिकडच्या वायफायला हात लावलास तर खातं रिकामं झालंच म्हणून समज. मग मी घाबरून व्हीपीएनचं (आपलं इंटरनेट कुलूपबंद करून दुसऱ्याच सर्व्हरवरून नेणारी सेवा) सबस्क्रिप्शन आणि साडेचार हजारांचा खिशात मावणारा ट्रॅव्हल राउटर दोन्ही घेऊन टाकलं. त्यानंतर तीन जर्मनीच्या फेऱ्या, एकदा व्हिएन्ना, जातायेता दुबई असं सगळं झालं, तर म्हटलं आता लिहावं काय उपयोगी पडलं आणि काय नुसतं बॅगेत फिरून आलं.

आधी त्या भीतीचं. शेजारच्या टेबलावरचा माणूस तुमचं फेसबुक उचलतो ही २०१० मधली गोष्ट, तेव्हा फायरशीप नावाचं एक्स्टेन्शन आलं होतं आणि बऱ्याच साइटी लॉगिन झाल्यावर साध्या एचटीटीपीवर, म्हणजे मजकूर न लपवता, चालायच्या. आता जवळपास सगळं एचटीटीपीएस आहे, म्हणजे तुम्ही कुठल्या साइटवर गेलात एवढं वायफायवाल्याला साधारण कळतं, आत काय टाइप केलं ते नाही कळत. फक्त ब्राउजर सर्टिफिकेटची वॉर्निंग देत असताना आपणच घाईत पुढे जा दाबलं तर मग काही खरं नाही. आणि हो, फळ्यावर पासवर्ड लिहिलेलं कॅफेचं वायफाय मला सेफ वाटायचं, पण तो पासवर्ड सगळ्या गिऱ्हाइकांकडे असतो ना, डब्ल्यूपीए२ (वायफायच्या कुलपाचा एक प्रकार) असेल तर तो माहीत असलेला माणूस तुमचा फोन कनेक्ट होतानाची देवाणघेवाण पकडून पुढचं उलगडू शकतो.

व्हीपीएनची पहिली कटकट म्हणजे हॉटेलचं किंवा एअरपोर्टचं लॉगिनचं पान. किल स्विच (व्हीपीएन जोडलेलं नसेल तर सगळं नेट अडवणारं सेटिंग) चालू असेल तर ते पानच उघडत नाही, नुसतं गोल फिरत राहतं. अँड्रॉइडला प्रायव्हेट डीएनएस (साइटचा पत्ता शोधायची विचारणा लपवणारं सेटिंग) सेट केलं असेल तरी तेच. मग व्हीपीएन बंद करा, ब्राउजरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका (ती साइट मुद्दाम एचटीटीपीवर ठेवलीये), पान येतं, अटी मान्य करा, परत व्हीपीएन चालू करा. पहिले दोन दिवस चिडचिड झाली, नंतर हाताला सवय लागली.

दुसरी कटकट महागात पडली. एप्रिलमध्ये सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा राहिला होता म्हणून हॉटेलवर बसून नेटबँकिंग उघडलं, व्हीपीएन आधी जर्मनी दाखवत होतं, मग आपोआप नेदरलँड्सवर गेलं, मग मीच शहाणपणा करून इंडिया सर्व्हर लावला, आणि बँकेने लॉगिन लॉक करून टाकलं. कस्टमर केअरची बाई शांतपणे म्हणाली, मॅडम, आयडी प्रूफ घेऊन होम ब्रँचला या. मी श्टुटगार्टला, ब्रँच नाशिकला! तेव्हा कळलं की २०२२ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेने, व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायचा नियम केला आणि बऱ्याच मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. ॲपमधला तो तिरंगा बऱ्याचदा सिंगापूर किंवा लंडनमधल्या मशीनवर असतो, नुसता आयपी भारताचा.

मग मे महिन्यात घरी जुना लॅपटॉप टीव्हीच्या कपाटात ठेवून त्यावर टेलस्केल (आपलीच उपकरणं कुठूनही एकमेकांना जोडणारं ॲप) टाकलं, घरगुती वापराला फुकट आहे. घरचं कनेक्शन सीजीनॅटच्या मागे, म्हणजे एकच आयपी बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला, स्वतःचा पब्लिक आयपी नाही, तरी ते चालतं. फोनवर एक्झिट नोड (जिथून आपलं नेट बाहेर पडतं ते मशीन) म्हणून तो लॅपटॉप निवडायचा की जगाला मी नाशिकच्या हॉलमध्ये बसलेली दिसते. बँक एकदम खूश. थेट जोडणी नाही जमली तर ते रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, फिरून जातं आणि मग रखडतं, ट्रेनमध्ये तर हमखास, पण पैसे भरायला पुरतं.

एक दिवस जर्मनीत संध्याकाळी साडेसातला सगळं ठप्प. घरी फोन केला तर आई म्हणे अकरा वाजले, झोपायची वेळ, गॅस बंद केला, गीझर बंद केला आणि वायफायचं बटण पण बंद केलं. "रात्रभर चालू ठेवून काय करायचंय गं, झोपेत बघणारेस का?" आता बटणावर चिकटपट्टी आहे, त्यावर बाबांच्या अक्षरात "सिमेन्स नव्हे, सीमाचे" असा विनोद (सीमा म्हणजे मी).

खरा धोका व्हिएन्नात भेटला. हॉटेलच्या लॉबीत वायफायची दोन नावं दिसली, एक हॉटेलचं आणि एक तेच नाव, पुढे फ्री. मी अर्थात फ्रीला जोडलं. लॅपटॉपवर पान उघडलं, गूगलने साइन इन करा. ईमेल टाकला, पासवर्डच्या चौकटीत क्लिक केलं आणि पासवर्ड मॅनेजर ढिम्म. एरवी लगेच भरतो. पत्ता बघितला तर गूगलचा नव्हताच, म्हणून त्याने भरला नाही, आणि मी हाताने टाइप करायला निघाले होते! रिसेप्शनवर विचारलं तर आमचं नेटवर्क एकच आहे, ते फक्त रूम नंबर आणि आडनाव विचारतं. असलंच काम करणारा एक जण २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी पकडला, पर्थ, मेलबर्न आणि ॲडलेडच्या एअरपोर्टवर, आणि विमानात सुद्धा, त्याचं खोटं वायफाय विमानातल्या स्टाफच्याच लक्षात आलं होतं. इथे व्हीपीएन काही कामाचं नव्हतं हे लक्षात घ्या, लॉगिनच्या पानापर्यंत ते बंदच असतं, आणि आपणच चोराच्या पानावर पासवर्ड दिला तर तो व्हीपीएनच्या बोगद्यातून गेला काय नि उघड्यावरून गेला काय.

दुबईत मी व्हीपीएन बंदच ठेवते. तिथे व्हॉट्सॲप कॉल लागत नाही म्हणून लोक सर्रास लावतात, पण गुन्हा करायला किंवा लपवायला वापरलं असं ठरलं तर दंड ५ लाख ते २० लाख दिरहम आहे, उगाच कशाला.

आता पैशाचं सगळं ई-सिमच्या डेटावर करते, ओटीपीसाठी भारतातलं सिम चालू, त्याचा डेटा बंद. फुकट वायफाय नकाशे, बातम्या आणि मालिका बघायला. परत निघताना हॉटेलचं नेटवर्क फोनमधून फॉरगेट करते.

व्हीपीएन पुढच्या वेळी रिन्यू करणार नाही. राउटर मात्र चांगला आहे, दोनच डिव्हाइस चालतील म्हणणाऱ्या हॉटेलात एकदा लॉगिन केलं की लॅपटॉप, टॅब, फोन सगळं त्याच्या मागे चालतं. सेट करायला पंधरा मिनिटं लागतात म्हणून एका रात्रीच्या मुक्कामाला मी काढत नाही. सध्या तो माझ्याकडे नाहीये, मावसभाऊ ऑगस्टमध्ये चार दिवसांसाठी सिंगापूरला म्हणून घेऊन गेला, तो परत आलाय, राउटर अजून यायचाय.