पाटणादेवीची एक दिवसाची सहल : गाडी उशिरा, वाटाड्या उत्तम

कोजागिरीनंतरच्या रविवारी आम्ही चौघांनी चाळीसगावातून पाटणादेवी या जंगलातल्या देवस्थानाची एक दिवसाची सहल केली. गाडी, स्थानिक वाटाड्या आणि दुपारचे जेवण मिळून 4,200 रुपये ठरले होते. पैसे वसूल झाले, पण ते वाटाड्यामुळे. गाडीच्या व्यवस्थेबद्दल तसे म्हणवत नाही.

पहाटे पावणेसहाला स्टेशनसमोर येणारी गाडी साडेसहाला आली. एरवी पाऊण तासाचे कोणी मनावर घेत नाही. परंतु आश्विनातले ऊन नऊ वाजताच चटका देऊ लागते आणि जनावरे सावली धरतात, त्यामुळे जंगलात नेमका तोच पाऊण तास मोलाचा असतो. त्यातून चालकाने वाटेत गाणी लावली होती, ती दोनदा सांगितल्यावर बंद झाली.

चाळीसगावपासून पाटणादेवी सुमारे 18 किलोमीटर आहे. वेचणीला आलेली कपाशी मागे पडते आणि सातमाळा रांगेचे कडे समोर उभे राहतात. हा परिसर 1986 साली घोषित झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. पावसाळ्यातली गर्दी ओसरलेली असते, धबधब्यांची धार बारीक झालेली असते, आणि गुडघाभर पिवळ्या गवतातून पांढऱ्या खोडांचे कांडोळ वृक्ष उठून दिसतात. या झाडाला ‘भुत्या’ का म्हणतात, हे धुक्यात पाहिले की विचारावे लागत नाही.

आमचा वाटाड्या पंचविशीतला होता आणि कामापुरतेच बोलत होता. ओढ्याच्या वळणावर वानरांनी एकाएकी खॅक-खॅक असा, बिबट्या दिसल्यावर करतात तसा इशाऱ्याचा आवाज सुरू केला, तेव्हा तो हात आडवा करून म्हणाला, “आप्पा, जरा दम धरा. वानर काय सांगतंय ते ऐका.” दहा मिनिटे आम्ही जागचे हललो नाही. बिबट्या दिसला नाही. मात्र पुढे ओल्या मातीत त्याचा ठसा होता, नखे न उमटलेला आणि इतका ताजा की कडेची माती अजून आत ढासळत होती. बिबट्या दाखवण्याची हमी त्याने निघतानाही दिली नव्हती, हे मला विशेष आवडले. पुढे नीलगायींची एक जोडी, मोरांचा थवा आणि ऊन तापल्यावर शीळ घालत आकाशात गिरक्या घेणारा सर्पगरुड, एवढे पाहायला मिळाले.

देवीच्या हेमाडपंती मंदिरात तासभर थांबावे. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने येथे मठ स्थापल्याची नोंद इथल्याच पाटण गावच्या 1207 च्या शिलालेखात आहे. गणिताची शिक्षिका असलेली आमची वहिनी त्यानंतर बराच वेळ पायरीवरून उठली नाही.

जेवणात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी होती. भरताला धुराचा वास नेमका होता, तिखटही बेताचे होते. भाकरी मात्र गार झालेली होती.

या सहलीला जाणाऱ्यांनी पूर्ण पायघोळ विजार आणि घट्ट विणीचे मोजे घालावेत. माझ्या मोज्यांत घुसलेली कुसळे काढायला परतीचा सगळा रस्ता पुरला नाही. शिवाय गाडीची वेळ पहाटे पाचचीच सांगावी, म्हणजे ती पावणेसहापर्यंत येईल.