मशिनं झकास, बाकडं चुकीच्या जागी: सिंधुदुर्गातल्या एका जिमचा रिव्ह्यू

जिम तालुक्याच्या गावात आहे, बाजारपेठेपासून पाच मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर. नाव मुद्दाम दिलेलं नाही. इकडे जिमचं नाव लिहिलं की संध्याकाळी तिथे येणाऱ्या चार-पाच मुलींची नावं आपोआप कळतात, आणि मग चर्चा जिमची राहत नाही, "कोणाचा चेडू गो ता?" (कुणाची मुलगी गं ती?) अशी सुरू होते. ज्यांना जिम ओळखायची आहे ते पुढच्या वर्णनावरून ओळखतील.

फी महिन्याला 900, तीन महिन्यांचे 2,400, प्रवेशाचे 500 वेगळे. या पैशात सामान उत्तम आहे. दोन स्क्वॉट रॅक (खांद्यावर बार घेऊन उठाबशा काढायचे सांगाडे), स्मिथ मशीन, केबल क्रॉसओव्हर, अडीच ते तीस किलोपर्यंत डंबेल्सच्या पूर्ण जोड्या. खाऱ्या दमट हवेत प्लेटा गंजतातच, पण इथे बार पुसलेले असतात आणि केबलच्या पुलींना वेळेवर तेल मिळतं. सामानाला पाचपैकी चार. हा रिव्ह्यू मात्र सामानाचा नाही. बाई इथे संध्याकाळी सातला, भर गर्दीत, निवांत व्यायाम करू शकते का, एवढंच इथे तपासलं आहे. उत्तर सध्या तरी नाही असं आहे, आणि त्याचं निम्मं कारण माणसांत नसून मांडणीत आहे.

दारातून आत आलं की डाव्या हाताला बूट काढायचं बाकडं. त्याच्या समोर सात-आठ फुटांवर पहिला स्क्वॉट रॅक, तोंड आरशाकडे. म्हणजे स्क्वॉट मारणारीची पाठ बाकड्याकडे आणि आरशातून चेहराही बाकड्याकडेच. बाकड्यामागच्या भिंतीत मोबाइल चार्जिंगचे पॉइंट, शेजारी पाण्याचा कूलर, वर हॉलमधला सगळ्यात जोरात फिरणारा पंखा. एप्रिल-मेच्या उकाड्यात सेट संपवून माणूस जाणार कुठे? पंख्याखालीच. तिथे बसलेल्या प्रत्येकाचा हेतू वाईट असतो असं नाही, पण ज्याचा असतो त्याला इथे आयती जागा आणि आयतं निमित्त मिळतं. पाणी प्यायला आलो, चार्जिंगला लावलाय, वारा घेतोय.

बाकी मांडणीही त्याच वळणाची. लेग कर्लवर, म्हणजे टाचा मागे ओढायच्या मशीनवर, पालथं झोपावं लागतं, आणि त्या मशीनची पायांकडची बाजू दाराकडे आहे. मांड्या बाहेर ढकलायच्या मशीनवर बसणाऱ्याचं तोंड थेट हॉलकडे. स्ट्रेचिंगची मॅट काउंटरसमोर. हे सगळं एका दुपारी, जवळजवळ फुकटात बदलता येतं. लेग कर्ल प्लेटा लावायचा आहे, जमिनीला बोल्ट केलेला नाही. प्लेटा काढून दोघांनी फिरवला की काम झालं. मांड्यांच्या मशीनला वजनांची थप्पी असल्यामुळे चार माणसं लागतील, पण तेही भिंतीकडे वळतं. रॅक असा फिरवावा की बार घेऊन मागे सरकणाऱ्याच्या पाठीशी भिंत येईल, मध्ये पाच-सहा फूट जागा ठेवून. स्क्वॉटला आरसा लागतोच हा गैरसमज आहे. मान वर करून आरशात बघण्याच्या नादात पाठीची रेघ बिघडते. केबल क्रॉसओव्हर तेवढा हलवू नये, अँकर सुटला तर कलंडतो. आणि बाकडं व चार्जिंग उचलून बाहेरच्या पॅसेजमध्ये न्यावं. मालकाला हे सुचवलं जातं तेव्हा "पुढच्या रिनोव्हेशनला बघू" असं उत्तर मिळतं. बाकडं सरकवायला रिनोव्हेशन कशाला हवं, हे कळलेलं नाही.

आता नजरेबद्दल. जड सेटनंतर दोन-तीन मिनिटं विश्रांती लागते आणि त्या वेळात डोळे कुठेतरी टेकतातच. तो छळ नव्हे. फरक ओळखायचा सोपा मार्ग जागा बदलणं. रॅकवरून उठून डंबेल्सकडे जा. नजर आणि माणूस दोन्ही मागोमाग आले, पुन्हा जागा बदलल्यावर पुन्हा आले, तर योगायोग संपला. "कितके सेट रवले?" (किती सेट राहिले?) हा प्रश्न एकदा विचारणं जिमची रीत आहे, हेडफोन काढायला लावून तोच प्रश्न तिसऱ्यांदा, शेजारचं मशीन रिकामं असताना, ही रीत नव्हे. न विचारता फॉर्म, म्हणजे व्यायामाची ढब, सुधारायला येणारे तिसऱ्या जातीचे. त्यांच्यातले काही खरंच मदतीच्या भावनेने येतात, म्हणून "नको, माझा ट्रेनर आहे" हे वाक्य आधी वापरून बघावं. खरा मदत करणारा तिथेच थांबतो.

बोलायचं झालं तर आधी बार रॅकवर ठेवा. हातात किंवा खांद्यावर वजन असताना वाद नको, लक्ष गेलं की इजा होते. मग काउंटरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, एकच वाक्य, कृतीबद्दल: "दादा, माझा सेट चालू आहे, तुम्ही तिकडे तोंड करून बसा." पुढे सॉरी नाही, हसणं नाही, कारण नाही. कोकणात चारचौघांत बोललेलं फार लागतं. हळू आवाजात सांगितलेलं पचवून टाकलं जातं. मात्र स्पर्श, चित्रीकरण किंवा पार्किंगपर्यंत पाठलाग झाला असेल तर ही पायरी गाळून थेट लेखी तक्रार.

ट्रेनर दोन आहेत. एकाचं काम शिकण्यासारखं आहे, दुसऱ्याला हात आवरायला शिकवायला हवं. स्क्वॉटला मागे चिकटून, छातीखालून हात घालून आधार देण्याची जुनी पद्धत तो सर्रास वापरतो. तिची गरज नाही. रॅकमध्ये सेफ्टी बार असतात; रिकाम्या बारने पूर्ण खाली बसून बघायचं आणि बार जिथे येतो त्याच्या एक भोक खाली ते लावायचे. वजन जास्त असेल तर बारच्या दोन टोकांना दोघे उभे राहतात. बेंच प्रेसला ट्रेनर डोक्याच्या बाजूला, हात बारखाली, शरीराला कुठेच नाही. डंबेल प्रेसला मनगटापाशी आधार. कंबरेतून वाकणं शिकवायला चार-साडेचार फुटांचा पीव्हीसी पाइप पुरतो: डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी पाइप टेकलेला राहिला की पाठ सरळ. पहिला ट्रेनर हेच करतो, आणि हात लावायची वेळ आलीच तर "खांद्याला हात लावू का?" असं विचारून लावतो. नावनोंदणी करताना तोच मागून घ्या.

मोबाइलचा नियम भिंतीवर आहे, अंमल नाही. डंबेलच्या रॅकला फोन टेकवून रील काढणारे रोज दिसतात, आणि मागून कोण कसं दिसतंय याची फिकीर कोणाला नसते. कॅमेरा भिंतीकडे ठेवायचा आणि ठरलेल्या कोपऱ्यातच, एवढा नियम पाळला तरी बरंच निभावेल. कोणी तुमचंच चित्रीकरण करतोय असं वाटलं तर फोन हिसकावू नका आणि "डिलीट कर" असंही म्हणू नका. आपणच पुरावा पुसायला लावतो, शिवाय फोनच्या ट्रॅशमध्ये तो व्हिडिओ बहुतेकदा राहतोच. वेळ आणि जागा टिपा, काउंटरवर साक्षीदार करा, 112 लावा.

सीसीटीव्हीचा किस्सा तर वेगळाच. "कॅमेरे आहेत, काळजी नको" असं प्रवेशाच्या वेळी सांगतात. चार कॅमेरे आहेत खरे, पण त्यांचा स्क्रीन काउंटरवर बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवलाय, आणि समोरच्या सोफ्यावर बसलेला कोणीही स्ट्रेचिंगची मॅट आरामात पाहू शकतो. सुरक्षेसाठी आणलेली वस्तू टक लावायच्या कामाला लावली आहे. स्क्रीन आत वळवला की संपलं. दुसरं, रेकॉर्डिंग कायम राहत नाही. डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, बऱ्याच ठिकाणी दोन-तीन आठवड्यांत. म्हणून तक्रारीच्या अर्जातच तारीख, वेळ, कुठला कॅमेरा हे लिहून तेवढं फुटेज पेनड्राइव्हवर वेगळं काढायची मागणी करावी. रेकॉर्डिंगच्या मशीनचं घड्याळही बघून घ्या. ते दहा-पंधरा मिनिटं मागे-पुढे असेल तर तो फरक अर्जात नोंदवा, नाहीतर नेमकी वेळ सापडत नाही.

कपडे बदलायची खोली एकच, कडी नीट लागते. झरोक्याच्या काचपट्ट्या मात्र पॅसेजकडे उघडतात, आणि दोन निखळल्या आहेत. फ्रॉस्टेड फिल्म आणि बाहेरून जाळी, खर्च काहीशे रुपयांचा.

काउंटरवरची हजेरी वही उघडी असते: नाव, मोबाइल नंबर, वेळ. कोण किती वाजता येते आणि जाते हे कुणालाही वाचता येतं. भरीला सगळ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तिथून नंबर उचलून सुप्रभातचे फोटो सुरू होतात, मग "आज आली नाहीस?". मालकाने ब्रॉडकास्ट लिस्ट केली तर कुणाचा नंबर कुणाला दिसणार नाही. तोवर ग्रुपमध्ये जायला नकार द्या, फीची पावती ग्रुपवर मिळत नसते. असे मेसेज येत असतील तर ब्लॉक करण्याआधी एकदाच स्पष्ट लिहा, "मला मेसेज करू नका", आणि त्याचा व पुढे आलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा. हे कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये, स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. ते स्पष्ट दाखवणं कागदावर असलं की पोलिसांना नाही म्हणणं अवघड जातं.

बाकीची कलमं थोडक्यात. लैंगिक स्वरूपाचे शेरे आणि नको असलेला स्पर्श 75, स्त्रीचा अपमान करायच्या हेतूने शब्द किंवा हावभाव 79, कपडे बदलताना चोरून पाहणं किंवा टिपणं 77. उघड्या हॉलमधलं चित्रीकरण 77 मध्ये सहज बसत नाही. नुसत्या टक लावण्याला स्वतंत्र कलम नाही, म्हणून तारीखवार नोंद हवी. ठाण्यातले हवालदार मालकाचे शेजारी असतील, तर गुन्हा दुसऱ्या कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो.

तक्रार ट्रेनर किंवा मालकाविरुद्ध असेल तर आणखी एक वाट आहे. 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा नोकरदार बायकांपुरताच आहे असं समजलं जातं. पण त्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत प्रशिक्षणाच्या क्रीडासंस्थाही येतात, आणि तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असायलाच हवी असं नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या जिममध्ये अंतर्गत समिती नसते, मग तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. सिंधुदुर्गात जिल्हा मुख्यालय ओरोसला, तिथे चौकशी करावी. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. इथेच गाडी अडते. मालक "मी समज देतो" म्हणतो, मग गणपती येतात, मग दिवाळी, आणि मुदत टळते. तोंडी तक्रारीवर काउंटरचं ठरलेलं उत्तर "बघल्यान तर काय झाला?" असं आहे, लेखी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का मागितला की सूर बदलतो.

गणपतीत आणि शिमग्याला चाकरमान्यांसाठी आठवड्याचा पास निघतो. तो ओळखपत्र न बघता, वहीत फक्त पहिलं नाव लिहून देतात. वर्षातला सगळ्यात बेशिस्त काळ हाच. नंतर तक्रार करायची तर माणूस कोण हेच सापडत नाही. पावसाळ्यात लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त काउंटरचा दिवा लागतो. हॉलमध्ये आणि जिन्यात एकेक बल्ब जोडून घेणं इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम आहे.

आणि लेडीज बॅच. अकरा ते एक आणि तीन ते साडेचार. घरून येणाऱ्या, संध्याकाळच्या एसटीने वाडीत परतणाऱ्या बायकांना ती खरंच सोयीची आहे. पण बँकेतली, शाळेतली, दवाखान्यातली बाई त्या वेळेत येणार कशी? ती सातला येते आणि काही घडलं की तिलाच विचारतात, "तुमची बॅच दुपारची ना?" फी तीही 900 च भरते. बॅचची पाटी दाखवून संध्याकाळच्या हॉलची जबाबदारी झटकणं, ही या जिमची सगळ्यात मोठी खोट आहे.

दुपारच्या बॅचला पाचपैकी साडेतीन, संध्याकाळला दीड. प्रवेश घ्यायचाच असेल तर आधी संध्याकाळी सातला जाऊन अर्धा तास नुसतं उभं राहा, पंख्याखाली कोण आहे आणि काउंटर काय करतोय ते बघा. तीन महिन्यांच्या सवलतीला भुलू नका, एका महिन्याचेच पैसे भरा. गैरवर्तन करणाऱ्याचं सदस्यत्व फी परत न देता रद्द होईल, ही ओळ प्रवेश अर्जावर लिहून मागा. छापील अर्जात ती नाही, पण मागितल्यावर हाताने लिहून सही करून देतात.