हिवाळाभर मोटारसायकल घरातल्या खोलीत: काय टिकलं, कशाचा त्रास झाला

थंडी पडू लागली तेव्हा घरात घेतलेली मोटारसायकल आता, बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकलेलं मीठ पावसाने धुऊन गेल्यावर, परत बाहेर काढली आहे. गाडी एक सिलिंडरची, एअर कूल्ड, कार्ब्युरेटरवाली. पुढे डिस्क, मागे ड्रम, डबल स्टँड आहे. खोली तळमजल्यावरची, हिवाळाभर हीटिंग चालू असलेली. हे आधीच सांगते, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. चेनवर गंज नाही, डिस्क स्वच्छ, बॅटरी भरलेली, कार्ब्युरेटर उघडावा लागला नाही. मात्र हे सगळं गाडीवर पेट्रोलची टाकी नसताना झालं. घरात गाडी ठेवायची तर बाकी कशातही तडजोड करा, यात करू नका.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि सखल जागी साचते. गॅसच्या गिझरची किंवा बॉयलरची ज्योत बऱ्याचदा तिथेच, खालच्या अंगाला असते. उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेता येईल इतकी वाफ पेट्रोल सोडतं, मग खोलीच्या उबेत किती सोडेल याचा अंदाज येईल. माझ्यासारख्या साध्या गाड्यांत टाकीच्या झाकणाला हवा जायला बारीक वाट ठेवलेली असते, त्यामुळे झाकण घट्ट लावलं म्हणून वाफ थांबत नाही.

‘टाकी काठोकाठ भरून ठेवा’ असं सगळेच सांगतात. शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये ते बरोबरच आहे. तिथे दिवस-रात्रीच्या तापमानात फरक पडतो, टाकीतल्या रिकाम्या जागेतल्या ओलसर हवेचं पाणी होतं आणि पत्रा आतून गंजतो. पण राहत्या घरात दहा-बारा लिटर पेट्रोल ठेवायची माझी तयारी नव्हती. टाकी उपसून रिकामी ठेवणं हा उपायही दिसतो तितका भला नाही. उपसलेल्या टाकीत पेट्रोल नसलं तरी वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं, आणि आग लागायला तेच लागतं. म्हणून टाकीच उतरवली. या गाडीला मागे एक बोल्ट, पुढे दोन रबरी बुश, एक पेट्रोलची नळी आणि पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याची वायर, एवढंच सोडवायचं असतं. टाकी फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल साठवणीत खराब होऊ नये म्हणून घालायचं रसायन) घालून, भरून, बाहेरच्या कुलूपबंद शेडमध्ये ठेवली. घरालगत किती पेट्रोल साठवायला परवानगी आहे ते आपापल्या ठिकाणी बघून घ्या.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला हे इतकं सोपं नाही. पंप टाकीच्या आत असतो, नळीत साधारण 3 बार दाब असतो, कपलिंग सोडवताना पेट्रोल उडतं. ज्यांना ते काम नीट येत नाही त्यांनी मेकॅनिककडून करून घ्यावं, नाहीतर अशी गाडी गॅरेजमध्येच बरी.

स्टॅबिलायझर टाकीत ओतून लगेच गाडी बंद केली तर तो कार्ब्युरेटरपर्यंत पोचतच नाही. मी तो घातल्यावर दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणली, मग कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बंद केला. कॉक बंद केला तरी कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमध्ये, म्हणजे त्याच्या तळाच्या वाटीत, पेट्रोल राहतं. बाउलच्या तळाशी छोटा पितळी स्क्रू असतो. त्याखाली काचेची बरणी धरून स्क्रू अर्धा-एक आटा सैल केला की बारीक धार लागते, मग थेंब, मग बंद. बरणी उजेडात धरून बघा: तळाशी एखादा वेगळा, पाण्यासारखा ठिपका लोळताना दिसला तर पेट्रोलमध्ये पाणी आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि प्रमाणाबाहेर गेला की इथेनॉल आणि पाणी दोन्ही वेगळे होऊन तळाशी बसतात. नेमकं तळाचंच कॉकमधून ओढलं जातं. शिवाय बाउलमध्ये राहिलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने उडत जातं आणि मागे चिकट थर सोडतं. जेटच्या, म्हणजे पेट्रोल जायच्या सुईच्या टोकाएवढ्या भोकात तो थर बसला की वसंतात गाडी धक्के मारते. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि अर्थातच बाहेर उघड्यावर करायचं. झाल्यावर नळीचं उघडं टोक बंद करून टाका, म्हणजे धूळ-किडा आत जाणार नाही.

ऑइल आत घेण्याआधी बदललं, इंजिन गरम असतानाच. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेलं आम्ल आणि पाणी मुरलेलं असतं. बेअरिंग चार महिने त्यात का भिजत ठेवायचे?

आता मीठ. याबद्दल फार कमी लोक बोलतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रस्त्यावर टाकलेलं साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढून विरघळतं. घरातली हवा त्याहून कोरडी, त्यामुळे ते बसून राहील, असं वाटणं साहजिक आहे. पण बर्फ वितळवायला कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइडही वापरतात, आणि ते 30-35 टक्क्यांच्या आर्द्रतेतही पाणी ओढतात. म्हणजे नीट हीटिंग असलेल्या खोलीतही गाडीच्या सांध्यांत बसलेलं हे मीठ ओलंच राहतं आणि धातू खात बसतं. त्यामुळे आत घेण्याआधीचं धुणं हे दिसण्यासाठीचं धुणं नव्हे. मडगार्डच्या आतली कड, स्विंगआर्मची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याची) खालची बाजू, स्पोक जिथे रिमला मिळतात ती जागा, सायलेन्सरच्या क्लॅम्पची फट, या ठिकाणी साध्या पाण्याने भरपूर वेळ धुतलं. जोरदार प्रेशरचा फवारा बेअरिंग आणि सीलवर मारला नाही, तिथे बादली आणि ब्रश. मग गाडी फिरवून वाळवली, चेन रॉकेलने साफ करून लुब्रिकेट केली.

आत घेतल्यावर पहिल्या तासाभरात जे दिसलं त्याने मला थंडी आणि गंज यांचं नातं नीट कळलं. बाहेर तापमान शून्याच्या जरा वर होतं. खोलीत 20 अंश आणि आर्द्रतामापकावर 50 टक्के. या हवेचा दवबिंदू सुमारे 9 अंश. त्याहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर तिच्यातलं पाणी बसणारच. काही मिनिटांत इंजिनच्या फिन धुरकट दिसू लागल्या, फोर्कच्या क्रोम नळ्यांवर थेंब जमले, डिस्कवरून बोट फिरवलं तर ओलं झालं. कोरडं फडकं घेऊन पुसत राहिले, कारण इंजिनसारखा जाड धातू तापायला वेळ लागतो आणि तोवर पाणी येतच राहतं. कव्हर दुसऱ्या दिवशी घातलं. त्याच दिवशी कव्हर घातलं असतं तर ते सगळं पाणी आत कोंडलं असतं.

न तापणाऱ्या शेडमध्ये हेच ऋतुभर, पुन्हा पुन्हा घडतं: हवा आधी उबदार आणि दमट होते, धातू मागे थंडच राहतो, ओला होतो. खोलीत ते एकदा झालं आणि संपलं. नंतर मापक 40 ते 50 टक्क्यांत राहिलं, आणि गंज जोर धरतो तो साधारण 60 च्या वर. माझ्या मते घरात ठेवण्याचा खरा फायदा हा आहे. उबेपेक्षा तापमान सारखं राहणं महत्त्वाचं. म्हणूनच मधे एखादं ऊन पडलं म्हणून गाडी बाहेर काढून परत आत आणणं मी टाळलं. प्रत्येक फेरीला तोच ओलावा नव्याने येणार.

बॅटरीच्या बाबतीत मात्र उबेचा फायदा होत नाही, उलट तोटा होतो. लेड-ॲसिड बॅटरी आपोआप उतरत जाते आणि तापमान जितकं जास्त तितकी वेगाने. थंड शेडमध्ये ती हळू उतरते (उतरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीत गोठून फुटू शकते, हा तिथला धोका). खोलीत ठेवलेली बॅटरी नुसती विसरून गेलात तर वसंतापर्यंत सल्फेट धरते. मी मेंटेनर प्रकारचा चार्जर लावला. तो आधी 14.4 व्होल्टच्या आसपास जाऊन बॅटरी भरतो, मग 13.2 ते 13.6 वर येऊन नुसता टिकवून धरतो. जुन्या पद्धतीचा, सतत करंट ढकलत राहणारा चार्जर महिनोन्‌महिने लावून ठेवायचा नसतो, त्याने बॅटरी सुकते. फ्यूज असलेली छोटी वायर बॅटरीच्या टर्मिनलला कायमची जोडून सीटखालून बाहेर काढली, त्यामुळे सीट न उघडता चार्जर लागतो. सगळ्या सामानात मला ही वस्तू सर्वात कामाची वाटली. चार्जर काढल्यानंतर रात्रभर ठेवून मीटर लावला तर 12.8 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. लिथियम बॅटरी असेल तर तिच्यासाठीचा वेगळा चार्जर घ्या. लेड-ॲसिडच्या चार्जरमधला सल्फेट काढण्याचा मोड तिला घातक आहे.

दारातून आत आणणं हा दोघांचा कार्यक्रम आहे. मोजताना हँडलची रुंदी आरसे काढून, लिव्हरच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा. आमचं दार हँडलपेक्षा जेमतेम मोठं होतं. आधी एक टोक आत घालून, हँडल वळवून, मग दुसरं घ्यावं लागलं. उंबरठ्याला फळीचा उतार लावला, पण चाक चढलं आणि डबल स्टँडचा पाय फळीच्या कडेला अडला. फळी लांब हवी, म्हणजे चढ कमी राहतो. एक जण हँडलवर, पुढचा ब्रेक हाताशी, दुसरा मागून. वरच्या मजल्यावर राहत असाल तर हा नाद सोडून द्या.

पॅडॉक स्टँड (चाक जमिनीवरून उचलून धरणारा वेगळा स्टँड) बरेच जण घ्यायला सांगतात. डबल स्टँड असेल तर गरज नाही. मागचं चाक त्यावर उचललं जातंच, पुढच्या चाकात कंपनीने सांगितलेली हवा भरून अधूनमधून चाक थोडं फिरवलं की टायर एका जागी चपटा होत नाही. त्याऐवजी जाड प्लायवूड घ्या. स्टँडचे दोन पाय सगळं वजन दोन ठिपक्यांवर टाकतात, लाकडी फरशीत खड्डा पडतो. विनाइलच्या फरशीवर टायर थेट टेकवला तर रबरातली रसायनं उतरून तपकिरी डाग पडतो, आणि तो पुसून जात नाही. प्लायवर पुठ्ठा, इंजिन आणि चेनखाली पसरट ट्रे. चेनचं तेल ट्रेमध्ये ठिबकत होतं, म्हणजे ट्रे हवाच.

कव्हर सुती चादरीचं. प्लास्टिक नको, हवा खेळत नाही. गाडी हीटरपासून लांब आणि खिडकीच्या उन्हातून बाजूला ठेवली. सीटचं रेक्झिन आणि रबर उन्हाने व कोरड्या उष्णतेने कडक होतात. येण्याजाण्याच्या वाटेत तर अजिबात ठेवू नका. आग लागली तर त्याच वाटेने धावायचं असतं. खोलीत धुराचा अलार्म आणि दाराजवळ ड्राय पावडरचं अग्निशामक होतं. घरमालक आणि विमा कंपनी या दोघांना आधी विचारून उत्तर लेखी घ्या. बऱ्याच इमारतींत इंजिनाचं वाहन राहत्या जागेत ठेवायला बंदी असते, आणि ती कारणाशिवाय नाही.

त्रास झाला तो वासाचा. पेट्रोलचा नव्हे, टायर, चेनचं तेल आणि तापलेल्या रबराचा. पहिले काही आठवडे खोलीत शिरताच जाणवायचा, मग कमी झाला. कपडे त्या खोलीत वाळत घालता आले नाहीत. ज्यांच्या घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं कोणी आहे त्यांनी याचा आधी विचार करावा. जागाही जाते. गाडी जेवढी लांब दिसते त्याहून भोवती फिरायला लागणारी जागा जास्त.

मधूनमधून इंजिन सुरू करावं का, हे मला अनेकांनी विचारलं. घरात तर कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि खिडकी उघडी ठेवून ते सुरक्षित होत नाही. बाहेर नेऊनही पाच मिनिटं चालवण्यात नुकसानच आहे: एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, इंजिन पूर्ण तापलं नाही तर त्यातलं काही ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये मागे राहतं. मी फक्त न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवत होते, पुढचा ब्रेक दाबत होते, हँडल दोन्ही बाजूंना वळवत होते. केबलना तेल देणं, ब्रेक पॅड तपासणं, लिव्हरचे पिव्हट साफ करणं ही कामं उबेत बसून निवांत झाली. स्प्रे क्लीनर मात्र खोलीत वापरले नाहीत, त्यांच्या वाफाही पेटतात.

बाहेर काढल्यावर टाकी अंगणातच बसवली. टायरमधली हवा बरीच उतरली होती, ती आधी भरली. कॉक उघडून बाउल भरायला मिनिटभर थांबले आणि नळीच्या दोन्ही टोकांना कोरडा कागद लावून बघितलं. कॉककडच्या टोकाला कागद ओला झाला. महिनोन्‌महिने रिकामी राहिलेली रबरी नळी कडक होऊन आक्रसते. नवी नळी आणि नवे क्लिप लावले, मग चोक ओढून सेल्फ दिला. इंजिन जरा खोकललं आणि धरलं. पुढच्या वेळी टाकी उतरवतानाच नवी नळी आणून ठेवणार आहे.