इव्हान पाव्लोव्ह यांची ‘टीम २९’: देशद्रोहाच्या खटल्यातल्या बचावसेवेचं परीक्षण

रशियात देशद्रोहाच्या आरोपाखाली पकडलेल्या माणसाला वकील मिळतोच. तो कोणाचा असतो आणि आरोपीपर्यंत कधी पोहोचतो, यावर पुढची वीस वर्षं ठरतात. सेंट पीटर्सबर्गचे वकील इव्हान पाव्लोव्ह आणि त्यांची ‘टीम २९’ यांनी २०२१ च्या जुलैपर्यंत या एकाच कामात जेवढं कसब कमावलं, तेवढं त्या काळात तिथे दुसऱ्या कुठल्या गटाकडे क्वचितच होतं. निर्दोष सुटलेले अशील मोजायला गेलं तर हाताला फारसं काही लागणार नाही. पण रशियात सगळ्याच फौजदारी खटल्यांत निर्दोष सुटण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे, आणि डिसेंबर २००८ पासून देशद्रोह व हेरगिरीचे खटले ज्युरीपुढे चालत नाहीत. तेव्हा या सेवेची पारख वेगळ्या कसोटीवर करावी लागते: बंद दाराआडची फाइल किती उघडी पडली, आणि अशिलाला त्याच्या प्रकरणाची खरी स्थिती कोणी स्पष्ट सांगितली का.

पाव्लोव्ह यांचा पाया पक्का होता. नौदलाच्या अणुकचऱ्यावर अहवाल लिहिल्याबद्दल अलेक्सांद्र निकितिन यांना फेब्रुवारी १९९६ मध्ये अटक झाली. त्यांच्या बचावाची धुरा युरी श्मिट्ट यांच्याकडे होती, आणि तरुण पाव्लोव्ह त्या बचावात काम करत शिकले. २९ डिसेंबर १९९९ रोजी पीटर्सबर्गच्या शहर न्यायालयाने निकितिन यांना निर्दोष ठरवलं, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. याच प्रकरणातून एक फार मोलाची गोष्ट हाती आली. २७ मार्च १९९६ च्या निकालात राज्यघटना न्यायालयाने सांगितलं की, गुपितं पाहण्याचा सरकारी परवाना नाही एवढ्या कारणावरून आरोपीने निवडलेल्या वकिलाला बाहेर ठेवता येणार नाही. गोपनीयतेच्या हमीपत्रावर सही घेतली की पुरे. आजही स्वतंत्र वकील या खटल्यांत उभा राहू शकतो तो या निकालाच्या आधारावर.

२००४ मध्ये पाव्लोव्ह यांनी माहितीस्वातंत्र्यासाठी एक संस्था काढली. २०१४ मध्ये तिच्यावर ‘परकीय एजंट’ असा सरकारी शिक्का बसला. मग वकील आणि पत्रकारांचा हा नोंदणी नसलेला गट उभा राहिला. नाव घटनेच्या कलम २९ वरून, म्हणजे विचार आणि माहितीच्या स्वातंत्र्याच्या कलमावरून.

कामाची पद्धत समजून घ्यायची तर रशियाच्या फौजदारी संहितेतलं देशद्रोहाचं कलम २७५ आधी पाहावं लागतं. त्या काळी शिक्षा १२ ते २० वर्षं. नोव्हेंबर २०१२ च्या दुरुस्तीने परदेशाला केलेली ‘इतर मदत’ही त्यात इतकी सैलपणे आणली की गुपित हाताळण्याचं पद नसलेला माणूसही अडकू शकतो. तपास एफएसबी या सुरक्षा व गुप्तचर यंत्रणेचा, कोठडी बहुतेक वेळा मॉस्कोच्या लेफोर्तोव्हो तुरुंगात. तिथे वकिलांसाठी भेटीच्या खोल्या इतक्या थोड्या की पाळी मिळवायला वकील आपसांत चिठ्ठ्या टाकत. घरच्यांनी वकील ठरवून वकीलपत्र तयार होईपर्यंत तपास अधिकारी सरकारतर्फे नेमलेला वकील आणून बसवतो. हा वकील बऱ्याचदा ‘कबूल करा, शिक्षा कमी होईल’ एवढंच सांगतो, आणि पहिल्या जबाबावर सही होऊन जाते. सगळ्यात मोठा घात इथेच होतो. नंतर जबाब फिरवला तरी न्यायालय पहिलाच खरा धरतं.

टीमचं खरं कौशल्य याच टप्प्यावर दिसलं. व्याझ्मा शहरातल्या सात मुलांच्या आईने शेजारचा लष्करी तळ रिकामा झाल्याचं २०१४ मध्ये युक्रेनच्या दूतावासाला फोन करून कळवलं होतं. जानेवारी २०१५ मध्ये तिला अटक झाली तेव्हा सर्वांत धाकटं मूल दोन महिन्यांचं होतं. नेमलेल्या वकिलाने अटकेला हरकतच घेतली नाही. पाव्लोव्ह आल्यावर तिने कबुली मागे घेतली, ३ फेब्रुवारीला ती घरी परतली आणि मार्चमध्ये प्रकरण बंद झालं. कळवलेली माहिती मुळात गुपित होती का, या एकाच प्रश्नावर बचाव रोखलेला होता. अशा खटल्यात हा मुद्दा शेवटच्या युक्तिवादासाठी राखून ठेवणं घातक ठरतं. तज्ज्ञाला कोणते प्रश्न विचारायचे, गुपितांच्या कुठल्या यादीशी ताडून पाहायचं, उघड उपलब्ध साहित्य जोडायचं का, हे अर्ज तपास चालू असतानाच द्यावे लागतात. एकदा तज्ज्ञाचा अहवाल फाइलला लागला की न्यायाधीश त्याला सहसा हात लावत नाही.

सोचीचं प्रकरण उलट टोकाचं. २००८ मध्ये रेल्वेवरून जाणारी लष्करी सामग्री दिसली म्हणून जॉर्जियातल्या ओळखीच्याला एसएमएस केलेल्या बाईला २०१६ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. टीम शिक्षेनंतर पोहोचली. तेव्हा अपिलाच्या जोडीला प्रसिद्धी हेच हत्यार उरलं होतं. डिसेंबर २०१६ च्या पत्रकार परिषदेत पुतिन यांना याबद्दल थेट प्रश्न आला आणि मार्च २०१७ मध्ये माफी मिळाली. तशाच एसएमएसवरून आत गेलेल्या आणखी दोघींना त्याच वर्षी जुलैत माफी मिळाली. हे श्रेय टीमला द्यायलाच हवं, पण माफी म्हणजे दोषमुक्ती नव्हे, हेही विसरू नये.

शास्त्रज्ञांच्या बाबतीत मात्र प्रसिद्धीचा उपयोग तोकडा पडला. अवकाशसंशोधन संस्थेतले विक्तोर कुद्र्यावत्सेव्ह यांना जुलै २०१८ मध्ये, ७४ व्या वर्षी, बेल्जियमच्या संस्थेला पाठवलेल्या ईमेलवरून अटक झाली. वय आणि आजारपण पुढे करत टीमने चौदा महिन्यांनी त्यांना लेफोर्तोव्होतून बाहेर काढलं. सहकाऱ्याविरुद्ध साक्ष देऊन सौदा करायला त्यांनी नकार दिला. एप्रिल २०२१ मध्ये, खटला उभा राहण्याआधीच, ते कर्करोगाने गेले. घरी मिळालेलं ते दीड वर्ष या बचावाची कमाई आहे, आणि ती लहान नाही.

आता उणिवांकडे. पहिली, सगळं काही एका माणसाच्या नावाभोवती गुंफलेलं होतं. दुसरी अधिक खोल: या वकिलांची ताकद होती बोलण्यात, आणि कायद्याने तोंड बांधण्याची सोय नेमकी तिथेच आहे. दोन बंधनं वेगवेगळी असतात. शासकीय गुपित फोडलं तर कलम २८३, तपासाची माहिती फोडली तर कलम ३१०. दुसऱ्याची शिक्षा जास्तीत जास्त तीन महिन्यांची कैद, पण वकिलाचं काम थांबवायला गुन्हा दाखल होणंच पुरतं. देशद्रोहाचा आरोप असलेले पत्रकार इव्हान सफ्रोनोव्ह यांच्या प्रकरणात आरोपी ठरवण्याच्या आदेशाची प्रत वृत्तपत्राला दिल्याचा ठपका ठेवून ३० एप्रिल २०२१ रोजी पाव्लोव्ह यांना ताब्यात घेतलं गेलं. त्याच काळात ते पुतिनविरोधक नेते नवाल्नी यांच्या ‘भ्रष्टाचारविरोधी निधी’ या संस्थेच्या बाजूने खटलाही लढवत होते. न्यायालयाने त्यांना फोन आणि इंटरनेट वापरायला बंदी केली. हा ठपका आम्हाला सूडाचा वाटतो, तरी वकिलांनी धडा घ्यावा: कलम, तारीख, कोठडीतली स्थिती, तब्येत याबद्दल बोलता येतं, फाइलमधला कागद बाहेर गेला की समोरच्याला निमित्त मिळतं.

१६ जुलैला संकेतस्थळ बंद पाडलं गेलं, दोन दिवसांनी टीम विसर्जित झाली. जुन्या दुव्यांवरून कोणी अडकू नये म्हणून सगळा मजकूर काढून टाकावा लागला. झडतीच्या वेळी काय करावं, चौकशीला बोलावलं तर काय बोलावं, अशा साध्या भाषेतल्या मार्गदर्शिकाही त्याबरोबर गेल्या. निर्णय नाइलाजाचा होता, पण सामान्य माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान हेच झालं.

सप्टेंबर २०२१ मध्ये पाव्लोव्ह यांनी देश सोडला. सफ्रोनोव्ह यांना कबुलीच्या बदल्यात १२ वर्षांचा देकार होता. तो नाकारल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये २२ वर्षं मिळाली. जुने सहकारी आता ‘पेर्वी अत्देल’ या नावाने हेच काम करतात. त्यांच्यापुढची वाट अधिक अरुंद आहे: एप्रिल २०२३ पासून कलम २७५ ला जन्मठेप आहे, आणि १६ सप्टेंबर २०२२ नंतरच्या घटनांसाठी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचं दार बंद आहे. मदत मागणाऱ्या कुटुंबाने पहिल्याच दिवशी दोन कामं करावीत: आपल्या वकिलाशी लेखी करार करून त्याला तुरुंगाकडे पाठवणं, आणि घटनेच्या कलम ५१ खाली तो भेटेपर्यंत काहीही न बोलण्याचा निरोप आत पोहोचवण्याची खटपट करणं.