पांढऱ्या दाण्यांचं 18 हजारांचं पॅकेज

डोळ्यांखाली, गालाच्या वरच्या बाजूला खसखशीएवढे पांढरे कडक दाणे येतात ना, दुखत नाहीत खाजत नाहीत पण जाता जात नाहीत, ते बहुतेक वेळा मिलिया असतात. कुणी त्याला "टॉक्सिन जमलंय" किंवा "चरबीच्या गाठी आहेत" सांगायला लागलं की पर्स उचला आणि सरळ बाहेर पडा.

माझ्या धाकट्या जावेला नाशिकमध्ये एका स्किन सेंटरवाल्यांनी असंच गंडवलं. इन्स्टावर फ्री चेकअपची जाहिरात, आत काचेचं रिसेप्शन, पांढरा कोट घातलेली एक बाई जिला सगळे डॉक्टर मॅडम म्हणतात, तिने जावेचा चेहरा एका मशीनमध्ये घालून जांभळ्या उजेडात फोटो काढला आणि स्क्रीनवर एवढा मोठा करून दाखवला की तसा कुणाचाही दाखवला तरी माणूस घाबरेलच. मग ठेवणीतलं वाक्य, आत्ता नाही काढलं तर पूर्ण चेहऱ्यावर पसरेल. पॅकेज 30 हजारांचं पण आजच बुक केलं तर 18. पैसे क्यूआर कोडवर, त्यावर नाव सेंटरचं नाही, कुणातरी माणसाचं, आणि बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डच्या मागे "पेड" लिहून सही ठोकली.

आता बघा, त्या दाण्यात असतं काय तर केराटिन, आपल्याच कातडीचं प्रोटीन, वरच्या थराखाली अडकून त्याची गोळी झालेली. पिंपलसारखं त्याला तोंडच नसतं. त्यामुळे वाफ द्या, स्क्रब घासा, दाबा, काही बाहेर येत नाही, कातडी मात्र सोलते. ह्यांनी पहिल्या सिटिंगला नेमकं तेच केलं, दाबून दाबून डोळ्यांखाली काळंनिळं.

खरा खेळ त्याच्यापुढे. "आमची स्पेशल नाइट क्रीम" म्हणून एक पांढरी डबी दिली. बनवणाऱ्याचं नाव नाही, बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही, नुसता सेंटरचा स्टिकर. आठवड्याभरात चेहरा असा उजळला की सासूबाई पण म्हणाल्या, मला पण आण गं एक. मग हळूहळू उन्हात गेलं की आग व्हायला लागली, गाल लालभडक, हनुवटीवर लव वाढली, आणि दाणे कमी व्हायचे सोडून अजून वाढले. फोन केला तर "मॅम घाण बाहेर पडतेय, म्हणजे क्रीम लागू पडतंय, बंद करू नका" आणि दुसरी डबी, तिचे पैसे वेगळे. एक दिवस लावायचं राहिलं की तोंड पेटायचं, म्हणून ती परत तेच फासायची. ह्यालाच गिऱ्हाईक बांधून ठेवणं म्हणतात.

शेवटी तिला एमडी स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी चेहरा बघितला, डबी बघितली आणि डोक्याला हातच लावला. म्हणाले सगळी लक्षणं स्टेरॉइडची आहेत, चेहऱ्यावर बरेच दिवस स्टेरॉइड लावलं की मिलिया त्यानेही येतात. म्हणजे रोग घालवायला दिलेलं क्रीमच रोग वाढवत होतं! 2018 मध्ये सरकारने असली बरीच स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकलीयत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत, आणि इथे डब्यांत भरून खुशाल विक्री.

इलाज म्हणाल तर चेहरा शांत होईपर्यंत डॉक्टरांनी दाण्यांना हातसुद्धा लावला नाही, ते क्रीमही स्वतःच्या मनाने एकदम सोडू नका म्हणाले. नंतर निर्जंतुक सुईने जरासं टोचून एकेक पांढरा मणी बाहेर काढला, काही मिनिटांचं काम. उरलेल्यांसाठी रात्री अ‍ॅडापलीन जेल, पापण्यांपासून लांब, आणि लिहून देताना आधी विचारलं दिवस गेलेत का किंवा तसा विचार आहे का, कारण मग ते चालत नाही. तेलकट जाड आय क्रीम बंद, सनस्क्रीन रोज. परत येऊ शकतात हेही तोंडावर सांगितलं, गॅरंटीबिरंटी काही नाही. आणि डोळ्याजवळ पिवळसर चपटे डाग असतील तर ते मिलिया नसतात, त्यात कोलेस्ट्रॉल तपासायला सांगतात. सगळा खर्च पॅकेजच्या पाव हिश्शातच बसला.

हो आणि तान्ह्या बाळांच्या नाकावर दिसतात ते तर काही न करता थोड्या आठवड्यांत आपोआप जातात, तरी ह्या सेंटरवाल्यांनी माझ्या नणंदेला बाळासाठी लोशन विकायचा प्रयत्न केलाच.

पैसे मागायला गेलो तर "नॉन रिफंडेबल". 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकल्यावर अर्धे परत आले, तेही क्यूआर पेमेंटचे स्क्रीनशॉट होते म्हणून. डब्या अजिबात फेकू नका, एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला, अर्ज करताना आम्हाला त्याच उपयोगी पडल्या. आणि कुठेही जायच्या आधी रजिस्ट्रेशन नंबर विचारा, महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या साइटवर डॉक्टरचं नाव शोधता येतं, पाटीवर कॉस्मेटोलॉजिस्ट लिहिलं म्हणून कुणी डॉक्टर होत नाही. आम्ही शेवटच्या खेपेला तो नंबर मागितला तर मॅडम म्हणाल्या डॉक्टर व्हिजिटिंगला येतात, पण कुठल्या वारी येतात ते रिसेप्शनवर एकालाही सांगता येईना.